वाळवंटात घर, तेही पाण्याखाली! काय करावं?

रेताड | ११ मार्च २०१२

नमस्कार मंडळी. गेली चार वर्षं इथे वाचनमात्र आहे. आज पहिल्यांदा धागा काढतोय आणि तोही रडगाण्याचा, सांभाळून घ्या. (पाण्याखाली म्हणजे पूर नाही, घराच्या किमतीपेक्षा कर्ज जास्त झालं की इथे तसं म्हणतात.)

आम्ही ॲरिझोनात, फिनिक्सजवळ चँडलरला राहतो. ऑगस्ट २००६ मध्ये घर घेतलं, ३ लाख ४० हजार डॉलरला. तेव्हा सगळे म्हणत होते आत्ता घेतलं नाही तर कधीच घेता येणार नाही. खिशातून ५ टक्के घातले, म्हणजे १७ हजार. ८० टक्क्यांचं पहिलं लोन, ६.२५ टक्के, ३० वर्षं फिक्स्ड. आणि १५ टक्क्यांचं दुसरं लोन साडेआठनी, ही पीएमआय (डाऊन पेमेंट कमी असलं की भरावा लागणारा कर्जाचा विमा) भरायला लागू नये म्हणून एजंटने दाखवलेली युक्ती. हे दुसरं बलून आहे, म्हणजे हप्ता ३० वर्षांच्या हिशोबाने पण १५ वर्षं झाली की उरलेली सगळी रक्कम एकदम द्यायची. सही करताना हे नीट वाचलं होतं का? नाही.

आज पहिल्यावर २ लाख ५२ हजार बाकी, दुसऱ्यावर ४८ हजार. एकूण ३ लाख. आणि मागच्या महिन्यात शेजारच्या गल्लीतलं हुबेहूब आमच्यासारखं घर १ लाख ६५ ला गेलं, कॅशमध्ये, एका इन्व्हेस्टरला. दोन्ही हप्ते मिळून २०६७, वर टॅक्स, इन्शुरन्स, एचओए (सोसायटीची वर्गणी) धरून साडेतेवीसशेच्या आसपास जातात. तसंच घर भाड्याने १२०० ला मिळतंय.

एकही हप्ता चुकलेला नाही, नोकरी आहे, त्यामुळे "हार्डशिप", म्हणजे पैशांची अडचण, म्हणून दाखवायला काही नाही. ग्रीन कार्डची रांग चालू आहे. दोन मुलं, शाळा चांगली. बायको म्हणते चाव्या बँकेला देऊन टाकू आणि समोरच्याच गल्लीत भाड्याने राहू, वर्षाला बारा-तेरा हजार वाचतील. बाबा सांगलीहून फोनवर म्हणतात, अरे वास्तुशांत केलेलं घर असं टाकून येतात का. मी मधे. ज्यांनी यातून काही केलंय त्यांनी सांगा प्लीज.

चहाबाज | ११ मार्च २०१२

शीर्षक वाचून हसून हसून पुरे वाट, धागा वाचून गप्प झालो. रुमाल टाकून ठेवतो.

टेक्सासचा_तात्या | ११ मार्च २०१२

आमच्याकडे या म्हणून किती वर्षं सांगतोय लोकांना. टेक्सासमध्ये घराची किंमत फार चढली पण नाही आणि फार पडली पण नाही. राज्यघटनेतच लिहिलंय की घरावर होम इक्विटी लोन काढायचं तर सगळी लोनं मिळून किमतीच्या ८० टक्क्यांवर जायचं नाही. ज्यांना आम्ही अडाणी काऊबॉय म्हणतो त्यांनी हे लिहून ठेवलंय बघा. प्रॉपर्टी टॅक्सचं मात्र विचारू नका.

पायरीचा_आंबा | ११ मार्च २०१२

रेताड, घाबरू नका. पहिला प्रश्न: लोन कोणाच्या मालकीचं आहे? हप्ता कुठल्या बँकेला जातो ते विचारत नाहीये. हप्ता गोळा करणारी बँक बहुतेक वेळा नुसती वसुलीवाली असते, त्यांच्या भाषेत सर्व्हिसर. मूळ लोन फॅनी मे किंवा फ्रेडी मॅक या बँकांकडून गृहकर्जं विकत घेणाऱ्या कंपन्यांनी घेतलेलं असू शकतं. दोघांच्याही वेबसाइटवर पत्ता टाकला की दोन मिनिटात कळतं. आधी हे बघा, बाकीच्या चर्चेला त्याशिवाय अर्थ नाही.

असेल तर तुमच्यासाठी हार्प आहे, म्हणजे पाण्याखालच्या घराचं लोन कमी व्याजाने नव्याने करून घ्यायची (रीफायनान्स) सरकारी योजना. २००९ मध्ये सुरू झालं तेव्हा अट होती की लोन घराच्या किमतीच्या १०५ टक्क्यांपर्यंतच हवं, मग ती १२५ केली. फिनिक्स, वेगास, फ्लोरिडा इथल्या लोकांना त्याचा काडीचा उपयोग नव्हता, कारण सगळे १५०च्या वर. गेल्या ऑक्टोबरमध्ये ती वरची मर्यादाच काढून टाकली. तुमचं पहिलं लोन साधारण १५३ टक्के येतं, आता चालतं. बाकी अटी म्हणजे लोन फॅनी-फ्रेडीकडे ३१ मे २००९ च्या आधी गेलेलं हवं, गेल्या ६ महिन्यांत एकही हप्ता उशिरा नको आणि १२ महिन्यांत जास्तीत जास्त एक. हार्डशिप दाखवावी लागत नाही. उलट वेळेवर भरणाऱ्यालाच मिळतं, म्हणजे ज्यांनी आत्तापर्यंत झक मारत सगळे हप्ते भरले त्यांच्यासाठी पहिल्यांदाच काहीतरी आलंय.

यात मुद्दल एक पैसाही कमी होत नाही, ते आधीच सांगतो. फक्त व्याजदर. सव्वाचार टक्क्यांच्या आत मिळायला हरकत नाही. ४.१२५ नी परत ३० वर्षं घेतलीत तर २ लाख ५२ हजारावर हप्ता १२२१ येतो, आत्ता १६७५ भरताय. पण मी तुमच्या जागी असतो तर २० वर्षांचं घेतलं असतं. ४ टक्क्यांनी १५२७ पडतो, तरी आत्तापेक्षा दीडशे कमीच, आणि जुनं लोन संपायला अजून साडेचोवीस वर्षं आहेत ती वीसवर येतात. पाण्यातून बाहेर यायचं तर मुद्दल लवकर उतरणं हाच एक रस्ता आपल्या हातात आहे, दुसरा म्हणजे बाजार, तो काही आपलं ऐकत नाही.

मेख तुमच्या दुसऱ्या लोनमध्ये आहे. पहिलं रीफायनान्स झालं की कागदोपत्री ते नवीन लोन होतं आणि दुसरं आपोआप पहिल्या नंबरावर सरकतं. तसं होऊ नये म्हणून दुसऱ्या बँकेने "आम्ही मागेच उभे राहतो" असं लिहून द्यावं लागतं, त्याला सबॉर्डिनेशन म्हणतात. माझ्या वेळी ती बँक अजिबात उत्तर देत नव्हती.

निवृत्त_पासबुक | १२ मार्च २०१२

मी राष्ट्रीयीकृत बँकेत ३४ वर्षे काढली, त्यातली ११ कर्ज विभागात. तेव्हा थोडे कडू बोलतो.

आपण कर्ज घेतले तेव्हा घराची किंमत वाढेल अशी हमी बँकेने दिली होती काय? वाढली असती तर वरचे पैसे बँकेला नेऊन दिले असते काय? मग उतरली म्हणून चाव्या टाकून येणे हे कुठल्या न्यायात बसते? आपली नोकरी शाबूत, हप्ता भरण्याची ऐपत आहे. ऐपत असून न भरणाऱ्याला आमच्या वेळी काय म्हणत ते इथे लिहीत नाही. पदरी पडले पवित्र झाले म्हणावे आणि भरत राहावे. वडील बरोबर सांगताहेत.

साडेतीन_शहाणी | १२ मार्च २०१२

काका, तुमचा मान राखून. इथे गहाणकर्ज देणाऱ्या बँकांची जी संघटना आहे ना, मॉर्टगेज बँकर्स असोसिएशन, त्यांनी २००७ मध्ये वॉशिंग्टनमध्ये स्वतःचं ऑफिस घेतलं ७ कोटी ९० लाखाला आणि २०१० मध्ये विकलं ४ कोटी १३ लाख डॉलरला, म्हणजे शॉर्ट सेल, कर्जापेक्षा कमी किमतीत विक्री. लोकांना नैतिकतेचे धडे देणाऱ्यांनीच. न्यूयॉर्कचं स्टायव्हेसंट टाऊन २००६ मध्ये ५.४ अब्जाला घेतलं आणि जानेवारी २०१० मध्ये मालकांनी कर्जदारांच्या हवाली करून टाकलं. त्यांच्या बाबांनी विचारलं का वास्तुशांत केली होती म्हणून? मोठ्यांनी केलं की बिझनेस डिसिजन आणि चँडलरच्या माणसाने केलं की ऐपत असून बुडवणारा.

आणि इथला करारच असा आहे की भरा, नाहीतर घर आमचं. बँकेने तो धोका धरून व्याज लावलंय.

निवृत्त_पासबुक | १२ मार्च २०१२

दुसऱ्याने शेण खाल्ले म्हणून आपणही खावे असे नाही. मात्र करारात तसेच लिहिले असेल तर तो मुद्दा मी ऐकून घेतो. प्रॉमिसरी नोट सही केली आहे ना? त्यात "मी रक्कम परत करीन" असेच असते.

ठाण्याचा_थर | १२ मार्च २०१२

आपल्याकडे हा प्रॉब्लेम का येत नाही माहितीये का? फ्लॅट ८० लाखाचा, ॲग्रीमेंट ५० लाखाचं, बँक देणार ५० च्या ८० टक्के. म्हणजे भाव निम्म्यावर आला तरी बँक कोरडीच! बिल्डरला दिलेल्या काळ्या पैशाला आम्ही इक्विटी म्हणतो :)

विनोद सोडा, पण आपल्याकडे चाव्या दिल्या म्हणून सुटका नाही. तीन महिने हप्ता चुकला की एनपीए (थकीत खातं), मग सरफेसी कायद्याखाली ६० दिवसांची नोटीस, मग ताबा आणि लिलाव, आणि लिलावात कमी आले तर उरलेल्यासाठी बँक तुमच्या आणि जामीनदाराच्या मागे. रिझर्व्ह बँकेने डिसेंबर २०१० पासून २० लाखाच्या वरच्या लोनला ८० टक्क्यांची मर्यादा घातलीय, त्याखाली ९०.

स्लाऊकर | १२ मार्च २०१२

इंग्लंडात नव्वदच्या सुरवातीला हेच झालं होतं, इथे निगेटिव्ह इक्विटी म्हणतात. आमच्या ऑफिसातल्या एकाने चाव्या पाकिटात घालून पाठवल्या आणि विसरला, काही वर्षांनी उरलेल्या रकमेचं पत्र घरी. इथे मुद्दलासाठी १२ वर्षांपर्यंत मागे लागता येतं. तुमच्याकडे राज्याराज्याचा कायदा वेगळा आहे म्हणे, तो आधी बघा.

साडेतीन_शहाणी | १२ मार्च २०१२

बरोबर. ॲरिझोनात अडीच एकराच्या आतलं, एका किंवा दोन कुटुंबांचं राहतं घर असेल आणि ट्रस्टीज सेलने (कोर्टात न जाता होणाऱ्या लिलावाने) गेलं तर उरलेल्या पैशासाठी मागे लागता येत नाही. नोटीस रेकॉर्ड झाल्यापासून सेलला किमान ९० दिवस लागतात. तुमचं दुसरं लोनही घर घेतानाच काढलेलं आहे, ते त्यातल्या त्यात बरं. नंतर किचनसाठी किंवा इंडियात फ्लॅट घेण्यासाठी हेलॉक (घर तारण ठेवून लागेल तशी उचल) काढलेल्यांचं वेगळं, ते पैसे मागू शकतात. कॅलिफोर्नियात तर खरेदीचं लोन रीफायनान्स केलं की हे कवच जातं, तुमच्याकडे तसं आहे का ते वकिलाला विचारा, दोनशे-तीनशे डॉलर जातील पण हे फोरमवर विचारायचं काम नाही.

रेताड | १३ मार्च २०१२

सगळ्यांचे आभार. रात्री बसून बघितलं, पहिलं लोन फ्रेडी मॅकचं निघालं! पायरीचा_आंबा, तुम्हाला एक पेटी हापूस लागू. (पायरीच देतो खरं तर.) दुसरं लोन तीनदा विकलं गेलंय, आत्ता ज्या कंपनीला हप्ता जातो तिचं नाव २००६ मध्ये ऐकलंही नव्हतं.

आणखी एक. गेल्या महिन्यात ती मोठी बातमी आली ना, ५ बँका आणि ४९ राज्यं, २५ अब्ज डॉलरचं सेटलमेंट, त्यात मुद्दल माफ करणार म्हणे. त्यात आम्ही बसतो का? बायकोचा सगळा भर त्यावर आहे.

पायरीचा_आंबा | १३ मार्च २०१२

नाही बसत. ती मुद्दलमाफी बँकांच्या स्वतःच्या वहीतल्या लोनसाठी आहे, फॅनी-फ्रेडीची लोनं त्यात नाहीत. आणि त्या दोघांवरचे सरकारी साहेब, डिमार्को, मुद्दल कमी करायला ठाम नाही म्हणतात. म्हणजे ज्या कारणाने तुम्हाला हार्प मिळतंय त्याच कारणाने माफी मिळत नाहीये. एका हाताने दिलं, दुसऱ्याने काढून घेतलं.

पन्नासावं राज्य ओक्लाहोमा, ते सामील नाही झालं. उगाच माहिती.

कंटाळलेला_फॅक्स | १३ मार्च २०१२

हॅम्प या लोनच्या अटी बदलून देणाऱ्या सरकारी योजनेबद्दल कोणी बोललं नाही म्हणून लिहितो, न्यूजर्सीहून. ज्यांना खरंच हप्ता झेपत नाही त्यांच्यासाठी ते आहे. हप्ता, टॅक्स, इन्शुरन्स, एचओए सगळं धरून ग्रॉस पगाराच्या ३१ टक्क्यांवर आणतात, म्हणजे महिना ६००० असेल तर १८६०. त्यासाठी आधी व्याज २ टक्क्यांपर्यंत खाली आणतात, तेवढ्याने नाही भागलं तर मुदत ४० वर्षं करतात, तरी नाही तर काही मुद्दल बिनव्याजी शेवटी ढकलतात. ५ वर्षांनी व्याज परत हळूहळू चढतं. ऐकायला छान आहे.

आता माझं ऐका. २०१० मध्ये माझी नोकरी गेली, सात महिन्यांनी कमी पगाराची मिळाली. अर्ज केला. तीन महिन्यांचा ट्रायल असतो, तुम्ही कमी केलेला हप्ता वेळेवर भरायचा, मग कायम करतात. माझा ट्रायल अकरा महिने चालला. दर महिन्याला फोन की तुमच्या पे स्टब्ज (पगाराच्या स्लिपा) साठ दिवसांपेक्षा जुन्या झाल्या, परत फॅक्स करा. अहो जुन्या झाल्या कारण तुम्ही साठ दिवस बघितल्या नाहीत! एकदा ४३ पानं पाठवली, तर म्हणाले ४२ मिळाली. कुठलं नाही मिळालं? ते सांगता येणार नाही, सगळी परत पाठवा. ऑफिसातली फॅक्सवाली बाई मला बघून पाणी प्यायला उठून जायची. मी प्रत्येक फोनची वही केली, तारीख, वेळ, कोण बोललं. दर वेळी नवीन माणूस आणि त्याला मागचं काहीच माहीत नाही.

अकरा महिन्यांनी पत्र आलं, नामंजूर. आणि अकरा महिने जो फरक कमी भरला तो सगळा लेट फीसकट एकदम भरा. बँकेचं नाव घेत नाही, घेऊन उपयोग नाही. शेवटी हाउसिंग खात्याच्या मान्यतेचा एक काउन्सेलर मिळाला, फुकट, ती बाई देवमाणूस, तिने माझी वही वाचली आणि बँकेच्या वरच्या माणसाला गाठलं. सहा आठवड्यांत मॉडिफिकेशन झालं, म्हणजे अटी बदलून मिळाल्या. त्यामुळे दोन गोष्टी, वही ठेवा आणि आधी पैसे मागणाऱ्या "आम्ही तुमचं लोन कमी करून देतो" वाल्यांकडे जाऊ नका. आता तर असे आगाऊ पैसे घ्यायलाच बंदी आहे, तरी रेडिओवर जाहिराती चालूच असतात. आपल्याच एका मंडळातल्या माणसाने अशांना ३५०० दिले, ते पैसेही गेले आणि ते ऑफिसही गेलं.

चहाबाज | १३ मार्च २०१२

४३ पैकी ४२... तलाठी कार्यालयाची शाखा दिसते.

शमीचं_पान | १४ मार्च २०१२

लिहू की नको करत होते. आम्ही शॉर्ट सेल केलाय, वेगासच्या बाहेर हेंडरसनला घर होतं. २००५ ला घेतलेलं ३ लाख ८५ ला, २०११ मध्ये गेलं १ लाख ६० ला. यांची बदली कॅलिफोर्नियात झाली, भाड्याने देऊन हप्ता निघत नव्हता.

शॉर्ट सेल म्हणजे गिऱ्हाईक तुम्ही आणायचं आणि कमी पैशात लोन मिटवायला बँकेने हो म्हणायचं. आमचं पहिलं गिऱ्हाईक चार महिने थांबून निघून गेलं. दुसरं आलं तेव्हा पहिली बँक तयार झाली, तर दुसऱ्या लोनवाली अडून बसली, त्यांना पहिली बँक देत होती त्यापेक्षा जास्त हवे होते. एकूण आठ महिने. सरकारची हाफा म्हणून स्कीम आहे, त्यात बसलो म्हणून शेवटी सामान हलवायला ३००० मिळाले.

रेताड, या वाटेने गेलात तर एकच वाक्य बघा. बँकेच्या मंजुरी पत्रात "उरलेली रक्कम माफ" असं स्पष्ट आहे का. आमच्या पहिल्या पत्रात नुसतं "गहाण सोडतो" असं होतं. गहाण सोडलं म्हणजे घर सुटलं, कर्ज नाही सुटलं. आमच्या एजंटने बघितलंच नव्हतं, यांनी रात्री दोनला वाचलं म्हणून वाचलो.

आणि टॅक्स. माफ झालेली रक्कम म्हणजे इन्कम धरतात, बँकेकडून १०९९-सी येतो. आमचा आकडा बघून मला घाम फुटला होता. पण २००७ च्या कायद्याने राहत्या घराच्या खरेदीचं कर्ज माफ झालं तर टॅक्स नाही, फॉर्म ९८२ भरायचा. त्याची मुदत या ३१ डिसेंबरला संपतेय, पुढे वाढवतील का माहीत नाही, तेव्हा करायचं तर वेळ बघून करा.

बाकी लोक म्हणतात तसं अगदी आकाश कोसळत नाही. क्रेडिट स्कोअर पडला. घर मात्र आठ महिने असं ठेवायचं की कोणीही कधीही बघायला येईल, दाराला किल्लीचा लॉकबॉक्स, मुलांची खेळणी रोज बेडखाली. शेजारचं घर बँकेने घेऊन टाकून दिलेलं, त्यांच्या पूलचं पाणी हिरवं गडद, रात्री बेडूक ओरडायचे. वेगासच्या वाळवंटात बेडूक!

निघताना तुळस गाडीत घेतली, ऑइलच्या डब्यातली, सहा वर्षांची. कॅलिफोर्नियात शिरल्यावर येर्मोच्या तपासणी नाक्यावर झाडं-फळं विचारतात, ती तिथेच ठेवायला लागली. नियम आहे, त्या पोरीने सॉरी पण म्हटलं. घर गेलं तेव्हा नव्हते रडले, बार्स्टो येईपर्यंत मात्र बोलले नाही कोणाशी.

पेरूची_फोड | १४ मार्च २०१२

:( काकू, पत्ता द्या व्यक्तिगत निरोपातून, माझ्याकडे रोपं आहेत. मी सनीवेलला.

निवृत्त_पासबुक | १४ मार्च २०१२

शमीचं_पान यांचा प्रतिसाद वाचला. बदली झाली, बँकेला विचारून, तिच्या संमतीने मिटवले. यात गैर काही नाही, आम्हीही वन टाइम सेटलमेंट करत असू. माझा आक्षेप न सांगता चाव्या टाकण्याला होता व आहे.

ऑर्लँडोचा_ओंडका | १५ मार्च २०१२

फ्लोरिडात राहणाऱ्यांनी वरचं ॲरिझोनाचं वाचून हुरळून जाऊ नका, इथे बँक उरलेल्या पैशासाठी कोर्टातून डेफिशिअन्सी जजमेंट मागू शकते. शिवाय फोरक्लोजर (हप्ते थकले की बँकेने घर काढून घेणं) कोर्टातूनच होतं, माझ्या समोरचा माणूस अडीच वर्षं एकही हप्ता न भरता राहतोय आणि परवा नवीन ग्रिल आणलं.

टेक्सासचा_तात्या | १५ मार्च २०१२

आणि त्या ग्रिलवर काय भाजतो, बँकेच्या नोटिसा?

रेताड | १५ मार्च २०१२

ग्रीन कार्डचं कोणी सांगेल का? बायकोलाही आता तीच धास्ती आहे.

कोपऱ्यातला | १५ मार्च २०१२

फोरक्लोजर हा दिवाणी मामला. आय-४८५ वर, म्हणजे ग्रीन कार्डच्या अर्जावर, क्रेडिट स्कोअर विचारत नाहीत. माझ्या वकिलाने एवढंच सांगितलं होतं की टॅक्स वेळेवर भरा आणि कुठल्या फॉर्मवर खोटं लिहू नका. मात्र नोकरी बदलायची असेल तर काही कंपन्या, विशेषतः बँका आणि फायनान्सवाले, क्रेडिट रिपोर्ट मागतात. एच-१बीवर आहात, नवी नोकरी तिथे अडली तर तो फेरा मोठा.

आणि फॅनी मेने २०१० मध्येच सांगितलंय, ऐपत असून सोडून गेलात तर ७ वर्षं त्यांचं लोन नाही. शॉर्ट सेलनंतर २० टक्के डाऊन असेल तर २ वर्षांनी मिळू शकतं. बायको म्हणतात ते वर्षाचे बारा हजार धरताना हेही धरा.

साडेतीन_शहाणी | १६ मार्च २०१२

सात वर्षं लोन नाही मिळणार म्हणजे सात वर्षं कोणी अजून एक असं घर गळ्यात मारणार नाही. मला तर यात शिक्षा दिसत नाही.

असो. रेताड, कागदावर वहिनींचं बरोबर आहे, हे म्हणायला कोणी तयार नाही म्हणून मी म्हणते. दीडशे टक्क्यांवरचं लोन भरत राहणं म्हणजे दुप्पट भाडं देऊन राहणं. पण शाळा, ग्रीन कार्ड, सांगली हे कागदावर येत नाही आणि तुम्हाला त्या घरात राहायचं आहे हे तुमच्या पहिल्याच पोस्टवरून कळतंय. मग हार्प करा आणि भाव बघणं बंद करा. त्या साइटवर रोज घराची किंमत बघणं हा आजार आहे.

संपादक_मंडळ | १७ मार्च २०१२

प्रॉपर्टी टॅक्स, ओबामा आणि काळा पैसा यावरचे २६ प्रतिसाद हलवले आहेत. धाग्याचा आखाडा करू नये.

चहाबाज | १७ मार्च २०१२

अरेरे, माझा रुमाल पण गेला का त्यात?

कंटाळलेला_फॅक्स | ९ नोव्हेंबर २०१२

धागा वर काढतोय. रेताड, काय केलंत शेवटी?

रेताड | १४ एप्रिल २०१३

माफ करा, इकडे फिरकलोच नाही. शहाणीताईंचा सल्ला मानून भाव बघणं बंद केलं त्यात हा फोरमही बंद झाला.

हार्प झालं, गेल्या जुलैत. २० वर्षं, ४ टक्के, हप्ता १५२७. अप्रेझल (घराचं मूल्यांकन) करायलाच लागलं नाही, त्यांच्या सिस्टिमने किंमत धरली. पहिल्या लोनवाल्यांनी महिन्यात सगळं तयार ठेवलं होतं, दुसऱ्यांनी सबॉर्डिनेशनचं एक पान द्यायला सात आठवडे लावले. फॅक्सभाऊ, तुमची आठवण काढत वही केली, १९ फोन झाले. रेट लॉक (ठरलेला व्याजदर राखून ठेवायची मुदत) संपायला तीन दिवस असताना पान आलं आणि त्यावर माझं आडनाव चुकलेलं. वकिलालाही विचारलं होतं आधी, त्याचे २५० गेले.

बायको अजून म्हणते चाव्या दिल्या असत्या तर परवडलं असतं. मी वाद घालत नाही.

इथे भाव वर्षभरात वीसेक टक्के तरी वर आलेत, मागच्या आठवड्यात आमच्यासारखं घर २ लाख १० ला गेलं. आम्ही अजून पाण्याखालीच. शमीताई, त्या टॅक्सच्या कायद्याला जानेवारीत एक वर्ष वाढवून मिळालं बरं का, इतरांना उपयोगी पडेल. आणि आमच्या शेजारीही तसलाच हिरवा पूल होता, मॅरिकोपा काउंटीवाले डासांच्या अळ्या खाणारे मासे फुकट देतात, ते आणून मीच सोडले होते कुंपणावरून. ते घर आता एका इन्व्हेस्टरकडे आहे आणि भाडेकरू आलेत कऱ्हाडचे! मासे बादलीत भरून मला परत आणून दिले त्यांनी, काय करायचे विचारत.

निवृत्त_पासबुक | १४ एप्रिल २०१३

अभिनंदन. त्या दुसऱ्या बलून कर्जाचे काय केलेत?

रेताड | १५ एप्रिल २०१३

ते आहेच. तो फुगा २०२१ ला फुटणार. हप्त्यात जे १४८ वाचतात ते दर महिन्याला त्याच्या मुद्दलात टाकतोय. पहिल्या तीन महिन्यांचे त्यांनी पुढच्या हप्त्यात जमा करून टाकले होते, आता चेकवर मोठ्या अक्षरात "फक्त मुद्दल" लिहितो आणि वहीत नोंद करतो.

चहाबाज | १५ एप्रिल २०१३

वाचनखूण साठवली. आणि माशांचं काय केलं?